नानांची न बघितलेली पिल्लं

आमच्या गल्लीत मागून कुणी आलं, की नाना उजवा हात बाजूला काढायचे आणि 'पुढे जा' म्हणून हलवायचे. मागे सायकल असो, कडब्याची गाडी असो, नाहीतर शेळी असो. मान वळवून बघायचे नाहीत. चप्पल घासत गल्लीच्या डाव्या कडेने चालायचे, आणि मागची चाहूल लागली की हात बाहेर. शेजारच्या शेळीलासुद्धा तो हात कळायला लागला होता. ती उजवीकडून पुढे निघून जायची, मग नाना आपला हात आत घ्यायचे.

नानांनी उभा जन्म एसटी चालवली. ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही.

नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलत चुलते. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या रस्त्याला. त्यांचं घर आमच्या दारासमोर, मधे फक्त गल्ली. नोकरी मात्र कोकणात. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांना भरतीत कोकणातले डेपो मिळतात, तसा नानांनाही मिळाला. तिकडची माणसं मुंबईला जातात आणि तिकडच्या गाड्या आमच्याकडची माणसं चालवतात, असं नाना म्हणायचे. कोकणातले घाट अवघड, पण धारूरच्या घाटात ज्याचा हात बसला तो कुठेच अडत नाही, हेही म्हणायचे.

नाना सुट्टीला आले की त्यांच्या ओट्यावर माणसं जमायची. मी आमच्या उंबऱ्यात धान्य निवडत बसायची आणि ऐकायची. मला माणसांत बोलायला जमत नाही. ऐकायला मात्र आवडतं, आणि नानांचं बोलणं गल्लीच्या या बाजूला स्वच्छ ऐकू यायचं. इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय लागलेला आवाज होता तो.

नाना वेळेचे लई पक्के. गाडीची वेळ झाली की ते कुणाचं ऐकत नसत. नानी, म्हणजे त्यांची बायको, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिन्ही पोरींना घेऊन कोकणात गेल्या होत्या. नानांच्याच गाडीने निघायचं होतं. पोरी गाडीत बसल्या आणि नानी बिस्किटाचा पुडा आणायला टपरीवर गेल्या. तेवढ्यात वेळ झाली, कंडक्टरने बेल दिली, आणि नानांनी गाडी काढली. नानी दुसऱ्या गाडीने दोन तासांनी पोचल्या. ही गोष्ट त्या कधीही, कशावरूनही काढायच्या. भाजीत मीठ कमी आहे असं नाना म्हणाले तरी नानी म्हणायच्या, "पोरी गाडीत आन मी स्टँडवर. तवा न्हाई मीठ आठवलं?"

नाना म्हणायचे, "पुडा आनला होता का न्हाई?"

"आनला होता. मीच खाल्ला सगळा, बाकड्यावर बसून."

ओट्यावर नाना सगळ्यात जास्त सांगायचे ते समुद्रातल्या कासवांचं, आणि ती गोष्ट वस्तीच्या गाडीपासून सुरू होते. वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते आणि सकाळी तिथूनच निघते ती. नानांना बरीच वर्षं समुद्राकाठच्या एका गावाची वस्ती होती. गाडी दिवेलागण होऊन गेल्यावर पोचायची आणि सकाळी उजाडताना निघायची. पहिल्याच हिवाळ्यात नाना पहाटे वाळूत फिरायला गेले, तर समुद्रातून वर आलेली एक चाकोरी दिसली. मधे सपाट, दोन्हीकडे नक्षी. नानांना वाटलं, कुणीतरी वाळूत ट्रॅक्टर घातला. ते चाकोरी धरून वर गेले, की बघावं कुठे रुतलाय. वर ट्रॅक्टर नव्हताच. तिथे एक माणूस गुडघे टेकून वाळूत हात घालून बसला होता. नानांनी त्याला विचारलं, ट्रॅक्टर कुठे गेला?

तो माणूस दत्तूभाऊ. गावातला मासेमारी करणारा, पण कासवांची राखण करायचा. तो इतका हसला की त्याला वाळूतच बसून घ्यावं लागलं. तो ट्रॅक्टर नव्हता, समुद्रातली कासवीण अंडी घालून गेली होती. त्या दिवसापासून दत्तूभाऊंनी नानांना रोज पहाटे बरोबर घेतलं.

नाना ते सगळं आम्हाला सांगायचे. कासवीण अख्खं आयुष्य पाण्यात काढते आणि फक्त अंडी घालायला जमिनीवर येते. येते ती वाळू बघून. किनाऱ्यावर दिवे असले, गलका असला, तर माघारी जाते. लाटांनी वाळू कापून पायरी केली असेल, तर तिला चढता येत नाही, तेव्हाही माघारी. कधी दमून खालीच घालते, भरतीचं पाणी येतं तिथे. मग दत्तूभाऊ ती अंडी अलगद काढून टोपलीत घेऊन, वर कुंपण केलेल्या जागेत तेवढाच खोल खड्डा करून ठेवत. काखेपर्यंत हात गेला पाहिजे एवढा. अंडी लिंबाएवढी, पांढरी, दाबली की दबतील अशी. कासवीण पुन्हा कधी बघायला येत नाही. पुढचे दीड-दोन महिने, पिल्लं निघेपर्यंत, सगळं वाळूच्या हातात.

एकदा आमच्या गल्लीत कुणाच्या तरी घरकुलासाठी वाळूचा ढीग पडला होता. नाना रजेवर आले होते. कासवीण खड्डा कशी करते असं एका बाईने विचारलं, तर सांगायचं सोडून नाना ढिगावर पालथे पडले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि कासविणीच्या मागच्या पायांसारखे दोन्ही हात मागे नेऊन वाळू उकरायला लागले. एका हाताने उकरायची, दुसऱ्याने लांब फेकायची. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली. पण वाळू कोरडी. खड्डा केला की कडा ढासळायच्या. नाना पुन्हा उकरायचे, पुन्हा ढासळायचं. शेवटी उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "ही कासवीण माघारी गेली." आणि खरंच घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने वाळूवर पाणी मारलं होतं. नाना पुन्हा पालथे. या वेळेला खड्डा राहिला. वर गळा अरुंद, खाली पोट रुंद, घागरीसारखा. वाळू आत थोडी ओलसर पाहिजे, म्हणजे धरून राहते, असं ते म्हणाले आणि घरातली लिंबं आणून एकेक आत सोडली. नानींनी ती लोणच्याला आणली होती. त्या दारातून म्हणाल्या, "आता दोन महिने थांबा, लोनचंच निघंल वर."

या सगळ्यात एक गोष्ट नाना स्वतःवरच हसत सांगायचे. त्यांच्या पहिल्याच वर्षातली. मार्चात दत्तूभाऊ नात्यातल्या लग्नाला आठवडाभर परगावी गेले. कुत्री कुंपणात शिरू नयेत एवढं बघ, असं नानांना सांगून गेले. ऊन भाजत होतं. नाना अंधार पडल्यावर येऊन वाळूवर पाय ठेवायचे, तरी ती गरम लागायची. त्यांना वाटलं, आत त्या लेकरांचं काय होत असेल. मग त्यांनी एका खड्ड्याभोवती, आपण लिंबाच्या झाडाला करतो तसं, आळं केलं. बाहेरून लाल माती आणून आळ्याला आतून लिंपलं, म्हणजे पाणी पळून जाऊ नये. आणि गाडीची बादली घेऊन रोज ते आळं तुडुंब भरायला लागले. जाताना एकदा, आल्यावर एकदा. हापसा लांब होता. गाडी चालवून आलेला माणूस बादल्या वाहत होता.

दत्तूभाऊ परत आले आणि ते आळं बघून डोक्याला हात लावून बसले. दिवस भरले तरी त्या खड्ड्यातून काही वर आलं नाही. उकरून बघितलं तर सगळी अंडी नासली होती.

दत्तूभाऊ रागावले नाहीत. वाळूच्या कणाकणांत हवा असते, अंड्यातलं पिल्लू त्या हवेवर श्वास घेतं, तू तिथे पाणी भरलंस आणि वर माती लिंपून झाकण घातलंस, एवढंच म्हणाले.

नाना हे सांगून म्हणायचे, "आमच्याकडं पानी न्हाई म्हनून जीव जातोय. पान्यानं पन जातोय, हे मला कुनी सांगितलंच न्हवतं."

मला हे पटायचं. आमच्या भागातला दुसरा कुणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. आम्हाला कुणाची माया आली की आम्ही आधी पाणी देतो.

तेव्हापासून नानांच्या मनात एकच होतं. एका तरी खड्ड्यातली पिल्लं वर येऊन समुद्रात जाताना आपल्या डोळ्यांनी बघायची. पण ते होत नव्हतं. पिल्लं सोडतात सकाळी ऊन तापायच्या आत, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर. सकाळी त्या वेळेला नानांची गाडी निघून गेलेली असायची आणि संध्याकाळी ती यायची असायची. रजा मिळाली की ते पोरींना भेटायला गावाकडे पळायचे. इतकी वर्षं चाकोऱ्या बघितल्या, अंडी वाहिली, मोठी कासवीणही बघितली, पण पिल्लू एकही नाही. मग बदली होऊन आपल्याकडे आले आणि रिटायरही झाले.

पारावरच्या माणसांना हे ठाऊक होतं. कुणी तरी विचारायचंच, "नाना, पिल्लं बघितली का वो?" नाना खोटं बोलायचे नाहीत. न्हाई म्हणायचे. मग दुसरा म्हणायचा, "म्हंजे शिनिमा बघितला आन शेवटाला झोपलात." नाना हसायचे, पण चहा अर्धा ठेवून उठायचे.

मला दुसरी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट आहे. सासूबाई बारशापर्यंत माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. बारशाला नाना आले, बाळाच्या हातावर टोपडं ठेवलं आणि सासूबाईंच्या शेजारी टेकले. म्हणाले, "वहिनी, कासवाचं एक सांगतो. पोरगा का पोरगी, हे अंड्यात ठरलेलं नसतंय. वाळू गरम असली की पोरी, गार असली की पोरं. आन तिथं कासविनीला कुनी इचारत न्हाई, कावून पोरीच झाल्या म्हनून."

सासूबाई म्हणाल्या, "मंग आमच्या घरात गरम वाळू हाय का?"

"धारूरच्या उन्हाळ्यात दुसरं काय असनार? माझ्याकडं तर तीन हायेत. तुमाकडं दोनच."

बायका हसल्या. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. नानांनी पुढे असंही सांगितलं, की वाळू फारच तापली तर पोरगाही नाही आणि पोरगीही नाही, काहीच निघत नाही. तेव्हा निघालं त्याचं नाव चांगलं ठेवा. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. पुढे त्या तिला लाडात 'गरम वाळू' म्हणायला लागल्या. आज ती चौथीत आहे, आजीच्याच अंथरुणात झोपते, आणि गरम वाळू म्हटलं की ओ देते.

बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, त्यानंतर नानी एक दिवस म्हणाल्या, आता मला त्या पिल्लांपाशी न्या. खरं तर त्या नानांसाठी म्हणाल्या होत्या. नानांना चालताना दम लागायला लागला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास शक्यतो नको म्हणून सांगितलं होतं. गेले तर हेच एकदा, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. सोबतीला मी गेले. मी शाळेत खिचडी शिजवते, मला मोजकीच सुट्टी मिळाली. मुली सासूबाईंकडे ठेवल्या.

तिथे पोचलो तेव्हा दत्तूभाऊ कुंपणापाशीच उभे होते. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. नानांकडे बघून म्हणाले, "काय रे डायव्हर, पाणी घालायला आलास?"

नाना इतके हसले, की त्यांना दम लागला आणि नानींनी त्यांना खाली बसवलं.

मी समुद्र पहिल्यांदा बघत होते. पण नाना म्हणाले, हा तो नव्हे. किनारा केवढा रुंद होता, आता समुद्राने खाल्लाय. वादळात पडलेली सुरूची झाडं तशीच आडवी होती. लाटांनी वाळूची कमरेएवढी पायरी केली होती. दत्तूभाऊ सांगत होते, पुष्कळ कासविणी पायरीपाशी येऊन परत फिरतात. कुंपण दोनदा मागे घ्यावं लागलं. आणि ऊन असं, की आता खड्ड्यांवर हिरवी जाळी बांधतात.

जाळीखाली एक बाई झारीने हलकं पाणी शिंपडत होती. नाना तिच्याकडे बघत राहिले.

दत्तूभाऊ म्हणाले, "बघतोस काय? तुझंच काम आता आम्ही करतो. वाळू फार तापते रे. पण झारीनं, बादलीनं नाही. आणि आळं नाही."

नानांनी त्या बाईकडून झारी मागून घेतली, आणि उरलेल्या खड्ड्यांवर, इस्त्रीच्या कपड्यावर मारतात तसं, थोडंथोडं पाणी मारलं. मी त्यांना एवढं हळू काही करताना कधी बघितलं नव्हतं.

दिवस भरलेला खड्डा एकच होता. त्यावर टोपली उपडी घातलेली. संध्याकाळी दत्तूभाऊंनी ती उचलली. आत वाळू थोडी खचली होती. म्हणजे खाली हालचाल आहे, असं ते म्हणाले. आज नाही, उद्या सकाळी नक्की.

पण आम्हाला उद्या सकाळीच निघायचं होतं. त्याच वस्तीच्या गाडीने. पुढे पुण्याहून धारूरच्या गाडीचं तिघांचं आरक्षण होतं. वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर आता केजकडचा एक पोरगा होता. नाना कोण हे त्याला कळल्यावर तो पाया पडला. म्हणाला, नाना, सकाळी तुमच्यासाठी गाडी थोडी थांबवतो, कोण विचारतंय.

नाना म्हणाले, "तसलं करू नको बे. वरच्या गावात दवाखान्याला जानारी मानसं उभी ऱ्हातेत. त्यांनी कुठवर वाट बघायची?"

सकाळी दत्तूभाऊंनी टोपली उचलली, तर आत नुसती खचलेली वाळू. नानांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि पिशवी उचलली. आम्ही तिघं गाडीकडे चालायला लागलो. गाडी किनाऱ्याच्या वर, शाळेपाशी उभी होती. इंजिन चालू झालं होतं. मी पुढे जाऊन जागा धरावी म्हणून भराभर चालले आणि दारात एक पाय ठेवला, तेवढ्यात खालून दत्तूभाऊंची हाक आली, "डायव्हर, ये रे!"

मागे बघितलं तर नाना वाळूत मधोमध उभे. खाली दत्तूभाऊ टोपली हातात धरून वाकलेले, वर गाडी. ड्रायव्हरने हलका हॉर्न दिला. नाना गाडीकडे दोन पावलं आले. आयुष्यात त्यांच्यामुळे गाडीला कधी उशीर झाला नव्हता. मग नानींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मला सोडून गेलता टायमापायी," त्या मला वरपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "आज टायमाला जाऊ द्या पुढं. ऱ्हावा मागं."

नानांनी गाडीकडे एकदा बघितलं, मग वळले आणि कुंपणाकडे चालायला लागले. घाई केली नाही. त्यांना दम लागत होता.

कंडक्टरने मला विचारलं, म्हातारे येणार आहेत का? गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. अनोळखी माणसांत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. म्हणाले, "न्हाई येत. सोडा गाडी." माझाच आवाज मला गाडीभर ऐकू आला. कंडक्टरने बेल दिली.

नाना-नानी दुसऱ्या दिवशी आले. पारावर पुन्हा तोच प्रश्न झाला. नानांनी एवढंच म्हटलं, "बघितली." आणि चहा पूर्ण प्यायला. कासवाबद्दल इतकं सांगणारा माणूस त्याच्यापुढे एक शब्द बोलला नाही, आणि मग कुणी विचारायचं राहिलं. नाना जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. गल्लीत शेळी अजून त्यांच्या दारापाशी आली की थांबते.

मला आठवतात ते त्या सकाळचे नाना. गाडी गावाबाहेर पडून चढणीला लागली, तसा खिडकीतून सगळा किनारा दिसला. नाना ओल्या वाळूच्या वर मांडी घालून बसले होते. शेजारी नानी, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. दत्तूभाऊ टोपली आडवी करत होते. एवढ्या लांबून पिल्लं कुठली दिसणार? पण नानांची मान दिसत होती. ती टोपलीपासून समुद्राकडे हळू, अगदी हळू वळत होती. पाण्यापर्यंत गेली, थोडी थांबली, आणि पुन्हा टोपलीकडे आली. पुन्हा तशीच हळू वळायला लागली.

वळणावर केजच्या पोराने त्यांच्यासाठी लांबलचक हॉर्न दिला. नानांनी मागे बघितलं नाही. उजवा हात बाजूला काढला, आणि आम्हाला पुढे जा म्हणून हलवला.